क्रिकेटची ट्रम्प कार्डं: साठ पत्ते कंपनीचे, एक अण्णांचा

मे महिन्यात पुण्याहून भाचा येणार म्हणून महाद्वार रोडच्या एका दुकानातून क्रिकेटच्या ट्रम्प कार्डांचा डबा आणला. साठ पत्ते, छापील किंमत २४९ रुपये, घासाघीस करून २२० ला मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

खेळ आपल्या लहानपणीचाच. पत्ते निम्मे निम्मे वाटायचे, आपला वरचा पत्ता बघून एक रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं दोन्ही पत्ते उचलायचे. रकाने सात: कसोट्या, धावा, सरासरी, शतकं, सर्वोच्च, बळी, झेल. पुठ्ठा जाड आहे, छपाई स्वच्छ. पण पत्ते इतके गुळगुळीत की फरशीवर गठ्ठा ठेवला की आपोआप पसरतो, आणि मग कुठला पत्ता कुणाचा यावर वेगळी मॅच सुरू होते.

डॉन ब्रॅडमनचा पत्ता आला की नवखा माणूस हुरळून जातो. पाळी आपली असेल तर प्रश्नच नाही, ‘सरासरी’ म्हणायचं, ९९.९४ ला मरण नाही. पण पाळी समोरच्याची असली की कसोट्या ५२, धावा ६९९६, बळी २. ॲलिस्टर कुक १२४७२ धावा घेऊन येतो आणि डॉनला काखोटीला मारून जातो. सिडनी बार्न्सची तर दयाच येते. २७ कसोट्यांत १८९ बळी, प्रत्येकी १६.४३ धावांत. पण गोलंदाजीच्या सरासरीचा रकानाच कंपनीनं ठेवलेला नाही, त्यामुळे मुरलीधरनचे ८०० समोर आले की बार्न्स गप उठून निघतो.

खरी आग लावली ती सोनेरी किनारीनं. साठातल्या दहा पत्त्यांना सोनेरी किनार आहे आणि वर लिहिलंय ‘ऑल टाइम ग्रेट’. बाकीच्या पन्नासांना साधी निळी. हे दहा कुणी निवडले, कशावरून, काही खुलासा नाही. जॅक कॅलिसला सोनं आणि गॅरी सोबर्सला निळा रंग बघितल्यावर आमच्या अण्णांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. भाच्यानं दोन्ही पत्ते शेजारी मांडले आणि वकिली सुरू केली. कॅलिसच्या धावा १३२८९, सोबर्सच्या ८०३२. शतकं ४५ आणि २६. बळी २९२ आणि २३५. झेल २०० आणि १०९. सोबर्सला फक्त दोनच रकाने, सरासरी ५७.७८ आणि सर्वोच्च ३६५. “पाच-दोन, आजोबा.”

“आणि कसोट्या किती? त्याच्या १६६, ह्याच्या ९३. फेऱ्या जास्त मारल्या की तिकिटं जास्त फाटणारच की रं.”

“मग सरासरीतला फरक अडीचचाही नाही.”

“फास्ट टाकायचा, स्पिन टाकायचा, तेही दोन तऱ्हेचं. हे कुठल्या रकान्यात घालणार तुझी कंपनी?”

“तुम्ही तरी त्याला कुठं खेळताना बघितलंय?”

इथं अण्णा अडकले. सोबर्स त्यांनी फक्त रेडिओवर ऐकलाय. दोन मिनिटं गप्प बसून मग म्हणाले, “कॅलिस म्हणजे रोज न चुकता हजार जोर मारणारा पैलवान. पण खासबाग भरायचं ते सोबर्सच्या नावावर.” भाच्यानं खासबागेच्या मैदानात कुस्ती बघितलेली नाही, त्यामुळे त्याला ते पटलं नाही. मला मात्र पटलं. अर्थात मी कोल्हापूरची.

गावसकरच्या शतकांपुढे ३४ ऐवजी ४३ छापलंय. त्या चुकीच्या जोरावर भाच्यानं एक डाव मारला. आकडा इकडचा तिकडे झाला की अण्णांना आधी वास येतो. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि डाव परत मागितला.

साठात बाई एकही नाही. सांगलीची स्मृती मानधना आमच्यापासून तासाभरावर, तिचा पत्ता शोधला तर नाहीच. एका कसोटीत शतक आणि दहा बळी हे बोथमनं १९८० साली वानखेडेवर केलं, त्याचा पत्ता आहे. ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सननं तेच १९५८ साली केलं होतं, बोथमच्या बावीस वर्षं आधी. तिच्यासाठी पुठ्ठा संपला असावा.

आठवड्यानं अण्णांनी कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, पत्त्याच्या मापानं कापली आणि स्केचपेननं लिहिलं: भाऊसाहेब निंबाळकर. कसोट्या ०. धावा ०. शतकं ०. बळी ०. सर्वोच्च ४४३ नाबाद.

“तुमच्याच पुण्यात,” ते भाच्याला सांगत होते. डिसेंबर १९४८, रणजी सामना, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या तेव्हाच्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या, आणि समोरच्या काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे संस्थानिक ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासकट निघून गेले. कसोटीला निंबाळकरांना कधी बोलावणं आलंच नाही. जन्म कोल्हापूरचा, २०१२ साली गेलेही कोल्हापुरातच.

भाचा म्हणाला, “ही रणजी आहे, कसोटी नाही. चीटिंग.” शेवटी ठरलं की पत्ता खेळात घ्यायचा, पण फक्त आमच्या घरी. लाराच्या नाबाद ४०० वर तो एकदा पडला तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली.

एक अडचण आहे. पत्त्याच्या मागच्या बाजूला लग्नाचा मुहूर्त छापलेला आहे, त्यामुळे निंबाळकर कुणाच्या हातात आलेत हे समोरच्याला लगेच कळतं आणि तो ‘सर्वोच्च’ सोडून काहीही पुकारतो. पण पत्रिका चांगल्या घरातली होती. तिला सोनेरी किनार आहे.

पाचपैकी तीन तारे. डबा पंधरा दिवसांत फाटला, रबरबँड आपला आपण घ्यावा.