धारावी आगारासमोरचं जंगल: महाराष्ट्र निसर्ग उद्यान, दोन नातवंडांसोबत

मी बेस्टमध्ये 34 वर्षं कंडक्टर होतो. शीव-बांद्रा लिंक रोडवरून किती फेऱ्या झाल्या याचा हिशोब नाही. धारावी आगाराचा थांबा आला की समोर हिरव्या झाडांची भिंत दिसायची. दोन माणसं उतरायची, चार चढायची, मी डबल बेल द्यायचो आणि गाडी पुढे निघायची. इतक्या वर्षांत त्या फाटकातून आत मात्र एकदाही गेलो नाही. माझ्या मुलालाही नेलं नाही, आणि याची मला खरोखर चुटपुट लागते. आता नातवंडं आहेत. थोरली नात आठ वर्षांची आणि धाकटा नातू पाच वर्षांचा. गेल्या वर्षभरात आम्ही तिघं महाराष्ट्र निसर्ग उद्यानात पाच वेळा जाऊन आलो. मुंबईत लहान मुलं असलेल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी जावं, असं मनापासून वाटतं म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट. माझं लहानपण माटुंगा लेबर कॅम्पात गेलं. आज जिथे हे जंगल आहे, तिथे तेव्हा मुंबईच्या कचऱ्याचा डोंगर होता. तो कचरा आतल्या आत धुमसत असायचा. वारा फिरला की धूर घरात यायचा आणि आई वाळत घातलेले कपडे आत घ्यायची. वर घारी आणि कावळे नुसते घोंगावत असायचे. त्या रस्त्याने जाताना बसमधली माणसं नाकाला रुमाल लावायची. 1977 मध्ये तिथे कचरा टाकणं बंद झालं, तेव्हा मी 19 वर्षांचा होतो. पुढे कचऱ्यावर मातीचा थर देऊन झाडं लावली गेली. पहिलं रोप 1983 मध्ये पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या हातून लागलं, आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. आज 37 एकरांवर दाट झाडी उभी आहे. नातीला मी सांगितलं, "तू उभी आहेस ना, त्याच्या खाली कचरा आहे." तिने आधी वाकून माती हुंगली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आबा, नुसता मातीचाच वास येतोय." मला काही क्षण बोलता आलं नाही.

आता कामाचं. शीव पश्चिमेहून बांद्र्याकडे जाणारी बस पकडा आणि धारावी आगाराला उतरा. फाटक आगाराच्या समोरच आहे. रस्ता मोठा आहे आणि गाड्या वेगात असतात, त्यामुळे ओलांडताना मुलांचा हात सोडू नका. शीव स्टेशनवरून चालतही जाता येतं, पण पाच वर्षांचं पोर जाताना चालतं आणि येताना खांद्यावर बसतं, हे धरून निघा. सकाळी शक्य तितक्या लवकर पोहोचा. उन्हं वर आली की पाखरं गप्प होतात आणि मुलं कुरकुरायला लागतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. शेजारीच खाडी आहे, त्यामुळे डास असणारच. घरूनच निंबोळी तेल लावून न्या. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी घ्या. खाऊ नेलात तर वेष्टणं परत तुमच्याच पिशवीत टाका. त्या जागेने आयुष्यभर पुरेल इतका कचरा आधीच सोसलाय.

झोपाळे आणि घसरगुंड्या डोक्यात ठेवून येऊ नका. त्यासाठी बागा आहेत, तिथे जावं. इथे पायवाटा आहेत, बांबूची बेटं आहेत आणि झाडंच झाडं. पहिल्या खेपेला मी चूक केली. सगळं दाखवायचं म्हणून मुलांना भराभर फिरवलं. तासाभरात धाकटा रडायला लागला आणि थोरली म्हणाली, "इथे काहीच नाहीये." दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, फिरायचं नाही. एक सावलीची जागा धरायची, चटई टाकायची आणि बसायचं. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग कुठूनतरी टुक्, टुक्, टुक् असा एका लयीत आवाज यायला लागला. नात म्हणाली, कुणीतरी भांडी ठोकतंय. तो तांबट पक्षी होता. भांडी ठोकणाऱ्यावरूनच त्याला हे नाव पडलं, हे सांगायची मला गरजच उरली नाही. नंतर दयाळ आला, शेपटी उभी करून. लालबुड्या बुलबुलांची जोडी आली. भारद्वाज जमिनीवरून चालत गेला, तेव्हा मी आपोआप हात जोडले आणि मला बघून नातवानेही जोडले. आमच्या आईने सांगितलेला शकुन असा तिसऱ्या पिढीकडे गेला.

मुलांना जंगल दाखवायचं तर त्यांना एका जागी बसवा. पाच फेऱ्यांनंतर मला एवढं पक्कं कळलंय.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दिवाळीच्या सुट्टीत एका आंब्याच्या झाडाखाली घालवला. खालच्या फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं बांधायचं काम चालू होतं. कोकणात आम्ही यांना ओंबील म्हणतो. पानाच्या कडेवर पाच-पंचवीस मुंग्या ओळीने उभ्या होत्या. मागचे पाय या पानात रोवलेले आणि तोंडाने शेजारच्या पानाची कड धरून ओढत होत्या. जिथे दोन पानांमधलं अंतर जास्त होतं, तिथे एकीने दुसरीची कंबर धरली होती, दुसरीने तिसरीची. अशी साखळी करून पान तसूतसूने जवळ येत होतं. मग आतून काही मुंग्या आल्या. प्रत्येकीच्या तोंडात पांढरट, तांदळाच्या दाण्याएवढी अळी होती. ती अळी या पानाला टेकवायची, मग त्या पानाला, परत या पानाला. अळीच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो आणि दोन्ही पानं चिकटतात. नात श्वास रोखून बघत होती. मग एकदम ओरडली, "आबा, ती बाळाने शिवतेय!" तिच्या आईचं घरी शिलाई मशीन आहे. तिला ते जसं दिसलं तसं मला कधीच दिसलं नसतं.

तेवढ्यात धाकट्याने बोंब ठोकली. तो खोडाला टेकून उभा राहिला होता आणि दोन-तीन मुंग्या मोज्यातून वर चढल्या होत्या. चावा चांगलाच झोंबतो. मी बूट-मोजे काढले, मुंग्या झटकल्या आणि गार पाण्याचा रुमाल बांधला. पाच मिनिटं तो मांडीवर मुसमुसत बसला. मग डोळे पुसून विचारलं, "पान चिकटलं का?" त्याला कडेवर घेऊन हातभर अंतरावरून परत दाखवलं. पान चिकटलं होतं. एक सांगतो, इथे मुलांना झाडाला टेकू देताना आधी खोड बघून घ्या.

फुलपाखरांसाठी पावसाळा सरता सरता जा. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतचे दिवस चांगले. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू नातीने स्वतः ओळखलं. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळं आणि लाल इतकं ठसठशीत असतं की नाव एकदा ऐकलं की विसरत नाही. निलवंत दिसलं तो दिवस तर आमच्यासाठी सणाचा होता. तळहाताएवढं काळं फुलपाखरू आणि मागच्या पंखांवर निळी झळाळी. 2015 पासून ते आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे. एका ठिकाणी रुईचं झुडूप होतं. नात म्हणाली, "ही तर मारुतीच्या हारातली पानं!" बरोबर होतं, शनिवारी आम्ही तोच हार घेतो. पान उलटवलं तर खाली काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असलेली प्लेन टायगर फुलपाखराची अळी होती. रुईचा चीक विषारी, पण ही अळी तोच पाला खाऊन वाढते. ते कडू विष तिच्या अंगात उरतं, म्हणून पक्षी पुढे फुलपाखराच्याही वाटेला जात नाहीत. हे नातीने शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. तिच्या वर्गाची सहल त्या वर्षी एका वॉटर पार्कला गेली होती. तिथून ती काय घेऊन आली विचारलं तर म्हणाली, सर्दी. शाळांना मी हात जोडून सांगतो, एक सहल इथे काढा. मोठा वर्ग सांभाळणं अवघड वाटत असेल तर दहा-दहा मुलं आणा.

उद्यानाच्या मागच्या अंगाला मिठी नदी आहे. तिथली खारफुटी ओहोटीच्या वेळेला बघा. तिवराची मुळं चिखलातून उभ्या पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पलीकडे बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती, अलीकडे ढोकरी बगळा चिखलात एका पायावर उभा, आणि मधे हे काळं पाणी. तिथे मी मुलांना 26 जुलै 2005 ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या गाडीत पाणी सीटपर्यंत चढलं आणि आम्ही प्रवाशांना घेऊन रात्र वरच्या मजल्यावर काढली, कारण गाडी डबल डेकर होती. भरतीचं पाणी आणि पुराचं पाणी एकमेकांना भेटलं की मधे ही झाडंच उभी असतात. धाकट्याने विचारलं, "त्यांना पोहता येतं?" मी म्हटलं, "त्यांना उभं राहता येतं."

एकदा असं झालं की आमच्या शेजारी बसलेल्या एका घोळक्याने मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली. तांबट गप्प झाला. नात उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "काका, पक्षी घाबरतात." त्यांनी लगेच बंद केलं, सॉरीही म्हणाले. माणसं वाईट नसतात, त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. तुम्ही जाल तेव्हा फोन खिशातच असू दे, एवढी विनंती.

गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही जमेल, कारण वाटा बऱ्याचशा सपाट आहेत. पावसाळ्यात मात्र शेवाळ धरतं, तेव्हा काठी घ्या. अगदी तान्ह्या बाळाला नेऊ नका, डासांमुळे. चार वर्षांपासून पुढचं मूल असेल आणि तुमच्याकडे निवांत तीन तास असतील तर याहून चांगली सकाळ मला मुंबईत ठाऊक नाही. तिकीट किरकोळ आहे. उद्यानाची रोपवाटिका आहे, तिथे रोपं मिळतात. परत येताना मुलांना एक रोप निवडू द्या.

आमच्या नातीने कढीपत्ता निवडला. चुनाभट्टीला आमच्या खोलीच्या गॅलरीत कुंडीत लावला. महिन्याभराने पानांवर मोहरीहून बारीक, फिकट पिवळे मणी दिसले. आठवड्याने त्यांच्या जागी पाखराच्या विष्ठेसारखे दिसणारे तपकिरी-पांढरे ठिपके फिरायला लागले. सूनबाई फवारा घ्यायला गेल्या तर नात कुंडीसमोर आडवी उभी राहिली. तिला कळलं होतं, या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या, लिंबावर नाहीतर कढीपत्त्यावर वाढतात. आता त्या हिरव्यागार झाल्यात. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. धाकटा रोज सकाळी दात घासायच्या आधी मोजतो. काल सहा होत्या, आज पाच. सहावी शोधली तर ती गजाच्या खालच्या बाजूला कोष करून बसलीय. फोडणीसाठी कढीपत्ता सध्या आम्ही बाजारातून आणतो.