सोलापूरचे जिल्हा समालोचन : तक्त्याखालची ओळ वाचणाऱ्यांसाठी

कर्जासाठी बँकेत द्यावयाचे प्रकल्प अहवाल तयार करणे हा माझा व्यवसाय असल्याने राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मला वारंवार उघडावे लागते. सोलापूर जिल्ह्याचा अंक संचालनालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो, त्यामुळे किमतीबद्दल बोलण्यासारखे काही नाही. लोकसंख्या, पाऊस, पिके, पशुधन, शाळा यांची माहिती अकराही तालुक्यांसाठी एकत्र मिळते आणि करमाळा अक्कलकोटशेजारी ठेवून पाहता येतो, ही मोठी सोय आहे. मात्र मला येथे तपासायचे आहे ते वेगळेच : आकडा एकदा बाहेर पडला की लोक त्याचे जे करतात, त्यापासून हे प्रकाशन वाचकाला कितपत सावध करते?

एका अशिलाने माझ्याकडे दुकानगाळ्यांचे माहितीपत्रक आणले होते. त्यात ‘सोलापूरची लोकसंख्या ४३ लाख’ असे ठळक छापले होते आणि त्यावरून शहरातील ग्राहकसंख्या काढली होती. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ आहे, महापालिका क्षेत्राची ९,५१,५५८. म्हणजे आकडा अगदी खरा होता, ज्या ‘सोलापूर’ला तो चिकटवला होता ते मात्र भलतेच होते. तो तसाच माझ्या अहवालात जाता जाता राहिला, हे कबूल केलेले बरे. समालोचनात जिल्हा, तालुका आणि शहर यांचे आकडे वेगळे दिलेले असल्याने ही चूक मिनिटभरात सापडली. साक्षरतेचेही तसेच. जिल्ह्याचे ७७.०२ टक्के हे प्रमाण सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहे. ते एकूण लोकसंख्येला लावले, तर अंगणवाडीतली मुलेही साक्षर ठरतात.

गैरवापर म्हणजे केवळ खोटा आकडा नव्हे, हे सोलापूरकराला उजनीवरून चटकन पटेल. धरणाची रोज सांगितली जाणारी टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणजे सुमारे ५३.५७ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) असते. तिच्याखाली सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, असतो. उपयुक्त साठा संपून या पाण्याला हात लागला की टक्केवारी उणे होते. म्हणून ‘उजनी उणे ३० टक्के’ ही बातमी वाचून धरण कोरडे पडल्याचे जे संदेश फिरतात, ते फिरत असताना धरणात सुमारे ४७.६ टीएमसी पाणी (अर्थात गाळही) असते. उलट ‘५० टक्के’ म्हणजे निम्मे धरण नव्हे. एकूण साठ्याच्या हिशेबाने ते तीन चतुर्थांशांहून अधिक भरलेले असते. ‘उपयुक्त’ एवढा एकच शब्द गळला की उन्हाळ्यात भीती घालायलाही आणि पावसाळ्यात श्रेय घ्यायलाही तोच आकडा चालतो. ही दैनंदिन आकडेवारी समालोचनाच्या कक्षेतली नाही, पण त्यातील तक्त्यांखालच्या ‘आधार’ आणि ‘टीप’ या ओळी का वाचायच्या, ते यावरून कळते. दुर्दैवाने तक्त्याचे छायाचित्र काढून पुढे पाठवणारा नेमक्या त्याच ओळी कापतो. जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यांत ‘चालू किमती’ (त्या त्या वर्षीच्या) आणि ‘स्थिर किमती’ (एका ठरावीक वर्षाच्या) हा भेदही असाच कापला जातो आणि महागाईची वाढ प्रगतीच्या खात्यात जमा होते.

येथे प्रकाशनाकडून माझी अपेक्षा अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जानेवारी २०१४ मध्ये मान्य केलेल्या अधिकृत सांख्यिकीच्या दहा मूलभूत तत्त्वांपैकी चौथे तत्त्व असे की, आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला गेल्यास किंवा गैरवापर झाल्यास त्यावर भाष्य करण्याचा सांख्यिकी यंत्रणेला अधिकार आहे. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये ही तत्त्वे स्वीकारली. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०१७ मध्ये परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांना युरोपीय संघातून बाहेर पडल्यास देशाच्या हाती आठवड्याला ३५ कोटी पौंड येतील या दाव्याबद्दल जाहीर पत्र लिहून तो गैरवापर असल्याचे सुनावले होते. जिल्हा पातळीवर एवढ्या तोफखान्याची गरज नाही. वर्षभरात कोणते तक्ते चुकीच्या अर्थाने वापरले गेले आणि त्यांचा खरा अर्थ काय, हे सांगणारे एखादे पान समालोचनाच्या अखेरीस असले तरी पुरे. मग माहितीपत्रक छापणाऱ्याला ते दाखवता येईल. आज हे काम माझ्यासारख्या फुटकळ माणसाच्या तोंडी शब्दावर चालते आणि त्याला समोरचा किती भीक घालतो, ते सांगायला नको.

लोकसंख्येच्या जुनेपणाचा दोष मी समालोचनाला देणार नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर जिल्ह्याचा कोणताही दरडोई आकडा वापरताना भाजक कोणत्या वर्षाचा आहे, हे शेजारी लिहावे. माझ्या अहवालात मी तक्ता क्रमांक, वर्ष आणि टीप तिन्ही उतरवतो. त्यामुळे अहवाल दोन पानांनी वाढतो आणि अशील कुरकुरतात.

रोजगार किंवा किमतींची अलीकडची आकडेवारी हवी असणाऱ्यांनी केंद्राच्या २९ जून २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘ई-सांख्यिकी’ या संकेतस्थळाकडे वळावे, तेथून माहिती उतरवून घेणे सुटसुटीत आहे. सांगोला किंवा माढा तालुक्यापुरते काही हवे असेल, तर मात्र समालोचनच उघडावे लागेल.