एक्सेलच्या कॉलममध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव शोधायचंय: पिव्हट, काउंटइफ की एका ओळीचा फॉर्म्युला?

इंदुरातल्या आमच्या मंडळाची महेश्वरची सहल ठरली आणि १८७ जणांची यादी माझ्याकडे आली. ज्या मोहल्ल्यातले लोक सगळ्यात जास्त, तिथून बस सोडायची होती. मी फॉर्म्युला लावला, उत्तर आलं रामबाग. बसवाल्याला तसं कळवूनही टाकलं. दोन दिवसांनी सहज पिव्हट (प्रत्येक नाव किती वेळा आलं ते दाखवणारा तक्ता) करून पाहिलं तर रामबाग ३४ आणि लोकमान्य नगरही ३४! शिवाय खाली 'सुदामा नगर' २१, 'सुदामानगर' १४ आणि 'सुदामा न.' ६. म्हणजे खरे सगळ्यात जास्त लोक सुदामा नगरचेच, ४१. त्यांच्यातल्या आजी-आजोबांना पहाटे रिक्षा करून रामबागेत यावं लागलं असतं. तेव्हापासून मी पद्धत निवडताना एकच बघते: ती फक्त पहिलं नाव सांगते, की आकड्यांसकट पुढची नावंही दाखवते?

आधी तो एका ओळीचा फॉर्म्युला. नुसता 'मोड' आकड्यांवरच चालतो, नावांवर लावला तर एरर येते. म्हणून आत 'मॅच' घालायचा. तो प्रत्येक नावाऐवजी ते नाव कॉलममध्ये पहिल्यांदा कितव्या जागी आलं, तो आकडा देतो. रामबाग तिसऱ्या ओळीत पहिल्यांदा आलं असेल, तर पुढच्या प्रत्येक रामबागला ३ मिळतात. मोड त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा काढतो आणि बाहेरचा 'इंडेक्स' त्या आकड्याचं पुन्हा नाव करून देतो. रचना सुंदर आहे आणि उत्तर एकाच सेलमध्ये मावतं. रिपोर्टच्या माथ्यावर एक नाव हवं असेल तर हाच लावा. पण एक जरी सेल रिकामा असला तरी अख्ख्या फॉर्म्युल्याची एरर होते, म्हणून मॅचभोवती 'इफ' लावून रिकामे सेल वगळावे लागतात. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असेल तर नुसतं एंटर चालत नाही, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. आणि बरोबरी झाली तर यादीत आधी आलेलं नाव मिळतं, दुसऱ्याचा पत्ताही लागत नाही. माझं रामबाग असंच आलं होतं.

पिव्हट टेबलला फॉर्म्युला लागत नाही. कॉलमचं नाव 'रोज'मध्ये (Rows, म्हणजे ओळी) ओढा, तेच 'व्हॅल्यूज'मध्ये ओढा, मजकूर असल्यामुळे ते आपोआप मोजणी करतं. मग उतरत्या क्रमाने लावा. बरोबरी दिसते, चुकीची स्पेलिंग दिसते, दुसरा-तिसरा क्रमांक दिसतो. उणीव एवढीच की यादीत भर पडली तर एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये रिफ्रेश केल्याशिवाय आकडे बदलत नाहीत. मूळ यादीचं आधी कंट्रोल-टीने टेबल केलेलं नसेल, तर खाली वाढलेल्या ओळी रिफ्रेश करूनही सुटू शकतात.

'काउंटइफ' शेजारच्या कॉलममध्ये लावला की प्रत्येक नावासमोर त्याची मोजणी येते. रेंजला, म्हणजे ज्या सेलमध्ये मोजायचं त्या पट्ट्याला, डॉलरची चिन्हं लावायला विसरू नका, नाहीतर खाली ओढताना रेंजही सरकते. शे-दोनशे ओळींना छान, रिकाम्या सेलनेही अडत नाही. पण २०,००० ओळींना ४० कोटी तुलना होतात आणि फाइल जड होते. नवशिक्याला मात्र मी हेच आधी शिकवेन, कारण काय मोजलं जातंय ते डोळ्यांसमोर दिसतं.

यादी गूगल फॉर्ममधून रोज वाढत असेल तर गूगल शीट्समधलं 'क्वेरी' फंक्शन घ्या. गट करून मोजतं, उतरत्या क्रमाने लावतं आणि नवीन नोंद आली की आपोआप बदलतं. एक जपायचं: कॉलममध्ये बहुतेक नोंदी मजकूर असतील आणि कुणी मोहल्ल्याऐवजी नुसता वॉर्डाचा आकडा लिहिला असेल, तर क्वेरी तो रिकामा धरते.

एकदाच निर्णय घ्यायचा असेल तर पिव्हट, फॉर्म चालू असेल तर क्वेरी, असं माझं स्पष्ट मत आहे. एका ओळीचा फॉर्म्युला लावलाच, तर शेजारी काउंटइफने त्या नावाची संख्याही दाखवा.

मात्र यातली कुठलीही पद्धत 'सुदामानगर' आणि 'सुदामा नगर' एक मानत नाही. 'ट्रिम'ने मागची-पुढची रिकामी जागा (स्पेस) जाते, मधली एक जागा राहतेच. 'सब्स्टिट्यूट'ने सगळ्या जागा काढून वेगळा कॉलम केला की ही दोन्ही एक होतात, 'सुदामा न.' तरी उरतंच. आणि आपल्या इंदुरात अर्धे लोक 'राजवाडा' लिहितात, अर्धे 'राजबाड़ा'. अशी वेगवेगळी रूपं आपोआप ओळखणारा सरसकट फॉर्म्युला नाही. यंदाच्या फॉर्ममध्ये मोहल्ल्याला मी ड्रॉपडाउन लावला आहे आणि 'इतर'मध्ये आलेली नावं स्वतः वाचून जागच्या जागी लावते.