व्यापारी संघटनेचा वर्षअखेरचा अंक आणि मेंबरशिप: आमच्या दुकानाचा अनुभव

२०२५ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या व्यापारी संघटनेचा वर्षअखेरचा अंक दुकानावर आला, आत नेहमीसारखा पुढच्या वर्षाच्या वर्गणीचा फॉर्म. गेल्या वर्षीचा अंक मी उघडलाच नव्हता, तो काउंटरखाली तसाच पडून राहिला. ह्या वेळी मात्र दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तीन-चार दिवस बसून अख्खा वाचला, आणि मेंबर व्हावं का नको असं आमच्या ओळखीत बरेच जण विचारत असतात म्हणून जे वाटलं ते सगळं लिहितेय. आमचं सोलापुरात चाटी गल्लीच्या बाजूला चादर-टॉवेलचं दुकान, किरकोळ पण आहे आणि थोडं होलसेल पण. मी आणि माझे सासरे दोघं बघतो, मी त्यांना मामा म्हणते. मेंबरशिप त्यांच्या नावावर आहे, पण ऑफिसला फोन करणं, फॉर्म भरणं, अंकातलं वाचून सांगणं हे सगळं माझ्याकडं.

आधी जीएसटीचं पान. २२ सप्टेंबर २०२५ ला रेट बदलले, म्हणजे बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, दुकानात गर्दी आणि बिल काय लावायचं हा गोंधळ एकाच वेळी. आपल्या मालाला आधी १००० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्याच्यावर १२ होतं, आता २५०० पर्यंत ५ आणि त्याच्यावर थेट १८. साधी सोलापुरी चादर आधीपण ५ मध्येच होती, तिला काही फरक नाही, पण बाराशे-पंधराशेच्या डबल बेडच्या मालाला १२ चा ५ झाला आणि आमच्याकडं जुने स्टिकर लावलेला गठ्ठाच्या गठ्ठा पडलेला. संघटनेनं त्या आठवड्यात व्हॉट्सअपवर पाठवलेला तक्ता अंकात नीट मोठ्या अक्षरात छापलाय, जुना रेट, नवा रेट, समोर आपल्याच बाजारातल्या मालाची उदाहरणं. मामांनी ते पान कापून गल्ल्याच्या वर चिकटवलंय. एकच राहिलं, चादर आणि दोन उशीचे कव्हर असा सेट असेल तर नग कशाला धरायचं हे कुठंच लिहिलेलं नाही. मी ऑफिसला फोन केला तर तुमच्या सीएला विचारा म्हणाले. अहो पण सगळ्या बाजाराचा प्रश्न आहे तो, एकदाच विचारून सगळ्यांना सांगता आला असता.

पेमेंटचं पान चांगलं आहे पण अर्धवट आहे. ४५ दिवसांचा नियम म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) कलम, लघुउद्योगाकडून माल घेतला आणि लेखी ठरलेलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, जेव्हा पैसे देऊ त्या वर्षी धरायचा. पान सगळं कारखानदाराच्या बाजूनं लिहिलंय, तुमचे पैसे कसे मागायचे वगैरे. ते पाहिजेच. पण मेंबरात आमच्यासारखे दुकानदार किती आहेत, आणि आम्ही तर देणाऱ्यांत येतो! आपल्याकडं उधारीचा रिवाज तोंडी, दिवाळीला घेतलेल्या मालाचे पैसे मार्च उजाडल्यावर. लेखी काही नाही म्हणजे १५ दिवसच हे आम्हाला आमच्या सीएनं सांगितलं तेव्हा कळलं. आणि आम्ही नुसते व्यापारी म्हणून आम्हाला येणं असलेल्या पैशांना हा नियम लागू होत नाही, हे पण त्या पानात दोन ओळीत सांगायला हवं होतं, कारण उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली म्हणजे आपल्यालाही ४५ दिवसांत मिळणार असं समजून बसलेले माझ्या माहितीतले तरी चार जण आहेत.

आता ज्या पानासाठी खरं तर हे लिहायला बसले ते. १८ मे चा रविवार सोलापुरात कुणी विसरणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पहाटे टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, ८ माणसं गेली, मालकाच्या घरचे आणि तिथंच राहणारे कामगाराच्या घरचे, त्यात लेकरं पण होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अंक हातात घेतल्यावर मला पहिली भीती ही होती की हे कुठंतरी मागच्या पानावर दोन ओळींची श्रद्धांजली म्हणून येईल आणि पुढं सगळे सत्कार. तसं केलेलं नाही, उघडल्या उघडल्या पहिलं पान तेच, फोटो नाही, हार नाही, आणि त्याच्या शेजारच्या पानावर आपल्या कारखान्यात, गोडाऊनात, दुकानात काय काय बघायचं ते लिहिलंय. टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुताचा बारीक भुगा उडतो, तो मागावर, वायरवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर कापसासारखा साठत जातो आणि एका ठिणगीला पुरतो, म्हणून तो रोज झाडायचा. बाहेर पडायला दोन वाटा पाहिजेत आणि दुसऱ्या वाटेला माल लावायचा नाही. रात्री आत कुणी झोपत असेल तर आतून उघडेल असंच दार पाहिजे, बाहेरून कुलूप नको. मेन स्विच कुठंय हे घरातल्या लेकरालासुद्धा माहीत पाहिजे.

हे वाचून मी मामांना म्हटलं, आपल्या मागच्या दाराला काय आहे बघा. तिथं टॉवेलचे गठ्ठे छतापर्यंत होते ओ, गेल्या दिवाळीपासून! दार आहे हेच आम्ही विसरलेलो. त्याच संध्याकाळी दोन पोरं बोलावून ते सगळं हलवलं, जागा कमी पडली तर थोडा माल घरी आणला. आमच्या पोराची चार्जिंगची गाडी पण आत दुकानातच रात्रभर चार्जिंगला असायची, ती बंद केली. अग्निशामक सिलिंडर भिंतीवर होता पण भरून किती दिवस झाले बघायला गेले तर चिठ्ठीवरची तारीख उलटून गेलेली. छापलेला कागद वाचून माणूस उठून काहीतरी करतो असं क्वचित होतं, आमच्याकडं झालं, आणि संघटनेनं ह्या पानासाठी ज्यांना कुणाला बसवलं त्यांचे मनापासून आभार. मागणी एवढीच की हे पान नुसतं अंकात ठेवू नका, मोठं छापून प्रत्येक कारखान्याच्या दारावर लावा, मराठीबरोबर तेलुगूत पण. शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांत बोलणं तेलुगूच आहे, वयस्कर माणसं वाचतात पण तेलुगूच, आणि मागावर रात्रपाळीला तीच असतात. अंकात इंग्रजीला सहा पानं दिलीत, तेलुगूला एक पान सुद्धा नाही, हे मला फार लागलं.

अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर लावलेल्या टॅक्सवर एक लेख आहे. २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के झालं आणि टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्यांच्या ऑर्डरी अडकल्या, हे त्यात बरोबर मांडलंय, पण लेख एक्स्पोर्टवाल्यांपाशी सुरू होऊन तिथंच संपतो. त्याचा धक्का आमच्यापर्यंत आला तो वेगळ्या वाटेनं. दिवाळीच्या आसपास बाहेर जाणारा चांगला जाड टॉवेल लोकल बाजारात स्वस्तात यायला लागला, गिऱ्हाईक खूष, पण आम्ही ज्या छोट्या कारखानदाराकडून वर्षानुवर्षं माल घेतो त्याचा टॉवेल त्या भावाला बसेना, त्याचे माग दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आले. शिलाईला, टॉवेलच्या कडा मारायला ज्या बायका यायच्या त्यांना आठवड्यातून तीनच दिवस बोलावणं. ह्या बायकांबद्दल सबंध अंकात एक ओळ नाही. विडीचं काम कमी झालं म्हणून कितीजणी शिलाईकडं आल्या, आणि आता तेही कमी. वर्षभराची व्यापाराची बातमी म्हणताना ही बातमीच ना?

सोलापूरहून सुरू झालेल्या विमानाची चार पानं आहेत. गोव्याचं ९ जूनला सुरू झालं, मुंबईचं १५ ऑक्टोबरला, आनंदाची गोष्ट आहे, इतकी वर्षं वाट बघितली सगळ्यांनी. आमच्याकडं गोव्याच्या एका हॉटेलवाल्यांचा माणूस विमानानं येऊन टॉवेलचे नमुने बघून गेला, आधी हे सगळं फोटो पाठवून चालायचं आणि हातात घेतल्याशिवाय टॉवेल कळत नाही. पण चार पानांत तीन पानं फोटो आहेत, तीच माणसं, वेगवेगळे हार. एका पानात टाइमटेबल आणि सॅम्पलचं पार्सल कसं पाठवता येईल एवढं दिलं असतं तर उपयोगी पडलं असतं.

सप्टेंबरच्या पुराचं पान वाचताना मामांचे डोळे भरून आले. सीना नदीला पाणी आलं तेव्हा माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळीकडं घरात पाणी, अंथरूण-पांघरूण वाहून गेलेलं. संघटनेनं चादरी गोळा केल्या, आम्ही पण दिल्या. देणाऱ्यांची नावं पेठेप्रमाणं छापलीत आणि दोन चादरी देणाऱ्याचं नाव दोनशे देणाऱ्याच्या बरोबरीच्याच अक्षरात आहे, हे मला फार आवडलं. कुठल्या गावाला किती गेल्या तेवढं छापलेलं नाही, ते छापावं.

शेवटी एक पान जुन्या गिरण्यांवर आहे, जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर गाव उठायचं ते दिवस. मामांचे वडील गिरणीत होते म्हणून ते पान मामांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांतल्या बंद रस्त्यांचा नकाशा दिलाय तो खूप कामाचा, संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजाची मिरवणूक निघाली की टेम्पो कुठून आणायचा हा दरवर्षीचा प्रश्न आहे आमचा. पाण्यावर मात्र काही नाही. उजनी धरण भरलेलं असताना शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो, रंगखान्यांना टँकर घ्यावा लागतो, आणि व्यापाऱ्यांच्या अंकात त्याच्यावर एक शब्द नाही, हे पटलं नाही.

ऑफिसची सर्व्हिस म्हणाल तर काउंटरवरच्या ताई मनानं चांगल्या आहेत, उद्यमचं सर्टिफिकेट दुरुस्त करायला त्यांनी स्वतः बसून मदत केली, पैसे घेतले नाहीत. फोन मात्र दुपारी १ ते ४ उचलत नाहीत आणि ईमेलला उत्तर यायला आठवडा लागतो. वर्गणी आमच्या वर्गात वर्षाला १५०० आहे.

पाचातून साडेतीन देईन, त्यातला एक अख्खा आगीच्या पानाचा. फॉर्म भरलाय, सोमवारी चेक घेऊन मीच जाणार आहे आणि सोबत एका कागदावर लिहून नेतेय: तेलुगू पान, शिलाईच्या बायका, पाणी, सेटचा जीएसटी. कुणाला अजून काही त्यात घालायचं असेल तर रविवारपर्यंत दुकानावर येऊन सांगा, आम्ही साडेदहाला उघडतो.