जड भिंत की उष्णतारोधक थर? तीव्र उन्हाळ्यासाठी बांधताना

तीव्र उन्हाळ्याच्या प्रदेशात बांधकाम करताना भिंती जाड आणि जड ठेवाव्यात, की हलक्या ठेवून त्यांना उष्णतारोधक थर द्यावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुपारच्या कमाल तापमानाकडे पाहून दिले जाते. माझ्या मते आधी पाहायला हवे ते ऐन उन्हाळ्यातील पहाटेचे किमान तापमान, कारण जड भिंत उष्णता अडवत नाही, ती साठवते आणि उशिरा परत करते. ही परतफेड बाहेरच्या गार हवेत होणार की झोपायच्या खोलीत, हे रात्रच ठरवते.

साध्या विटांच्या नऊ इंची भिंतीतून उन्हाची झळ आत पोहोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेले ऊन म्हणूनच रात्री दहा-बाराच्या सुमारास आत जाणवते. हवा बरी असूनही पलंगालगतच्या भिंतीवर हात ठेवला की ती कोमट लागते, आणि अशा भिंतीशेजारी पंखा लावूनही उकडते, कारण शरीराला हवेइतकीच आजूबाजूच्या पृष्ठभागांची उष्णताही सोसावी लागते. अर्धा मीटर किंवा त्याहून जाड मातीच्या भिंतीत हा उशीर बारा तासांच्या पुढे जातो आणि दिवसरात्रीचा चढउतार आत जवळजवळ पोहोचतच नाही. इराणमधील यझ्दसारख्या वाळवंटी शहराची जुनी घरे याच बळावर उभी आहेत. झिम्बाब्वेतील हरारे येथे वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी रचलेले आणि १९९६ मध्ये पूर्ण झालेले ईस्टगेट सेंटर रात्रीची गार हवा इमारतीतून खेळवून काँक्रीट थंड करून ठेवते. ते साधते, कारण हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री गार असतात. या इमारतीची नक्कल दमट किनाऱ्यावर, जिथे पहाटेही पारा अठ्ठावीसच्या खाली उतरत नाही, करण्यात अर्थ नाही.

हलक्या बांधणीचे गणित वेगळे आहे. एएसी ब्लॉकमधून, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यातून, साध्या विटेच्या तुलनेत जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी उष्णता वाहते, आणि पाच सेंटिमीटर दर्जेदार फोम उष्णता अडवण्यात सुमारे दोन मीटर काँक्रीटची बरोबरी करतो. सूर्यास्तानंतर अशी खोली लवकर निवते, म्हणून दमट हवेत, मोठ्या खिडक्या आणि भरपूर वारा असेल तिथे, हाच पर्याय श्रेयस्कर ठरतो. तिचा दोष असा, की काचेतून ऊन आत आले किंवा माणसे आणि उपकरणे वाढली, तर ती तितक्याच लवकर तापते, कारण आलेली उष्णता शोषून घ्यायला आत काहीच नसते.

रात्री गार होत असतील आणि नवे बांधकाम असेल, तर मी दोन्हींची सांगड निवडेन: जड भिंत आत, उष्णतारोधक थर बाहेर. प्रत्यक्षात सोपे पडते म्हणून थर आतून लावला जातो आणि भिंतीचा जडपणा खोलीच्या उपयोगी पडत नाही. मात्र खोली फक्त रात्रीपुरती एसी लावून वापरायची असेल, तर आतला थरच योग्य, नाहीतर एसीचे पहिले काही तास भिंत थंड करण्यातच जातात.

भिंतीबद्दल इतका खल करूनही सर्वांत वरच्या मजल्यावरचा खरा शत्रू छप्पर असते. ऐन दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे हजार वॅटच्या आसपास सौर ऊर्जा पडते आणि गडद गच्ची साठ अंशांच्या पुढे तापते. नवा पांढरा परावर्तक लेप यातील सुमारे ऐंशी टक्के ऊर्जा परतवतो, पण धूळ आणि शेवाळामुळे एकदोन वर्षांतच हे प्रमाण साठच्या घरात येते, तेव्हा गच्ची धुण्याची आणि लेप पुन्हा देण्याची तयारी हवी. लेपाची जमेची बाजू अशी, की रात्री स्लॅबला आकाशाकडे उष्णता सोडता येते, त्यामुळे एसी नसलेल्या घरासाठी मी आधी तोच निवडेन. दिवसभर एसी चालणार असेल तर स्लॅबवर, वॉटरप्रूफिंगच्याही वर, उष्णतारोधक थर घालणे अधिक लाभाचे. स्लॅबचे आकुंचन-प्रसरण कमी होऊन तडेही कमी पडतात. फॉल्स सीलिंग हा यातला दुबळा पर्याय आहे, कारण त्याच्या वर स्लॅब तापायचा तो तापतच राहतो.

खिडक्यांबाबत तुलना फार लांबवण्याची गरज नाही. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर ते अडवतो, बाहेरची झडप ते काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. दुहेरी काचेपेक्षाही आधी ती बसवावी. आडवा छज्जा दुपारी डोक्यावर आलेल्या सूर्यासाठी पुरेसा असतो, पण पश्चिमेचे तिरपे ऊन त्याच्याखालून सरळ आत शिरते, म्हणून तिथे उभ्या पट्ट्या किंवा सरकत्या झडपा हव्यात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात, मग भिंत कोणतीही असो.

यंत्रांपैकी पाण्याचा कूलर फक्त कोरड्या हवेत उपयोगी पडतो. दमट हवेत तो आर्द्रता वाढवून उकाड्यात भरच घालतो. एसीची क्षमता छप्पर आणि खिडक्यांची कामे ठरल्यानंतरच मोजून घ्यावी, कारण गरजेपेक्षा मोठा एसी हवा झटकन थंड करून थांबतो, आर्द्रता पुरेशी काढत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते.