फोंड्याच्या पावसात दहा महिने अँबियंट: काय टिकलं, काय नाही

गेल्या फेब्रुवारीपासून मी स्वतंत्र कलाकारांचं आणि लहान लेबलांचं (संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांचं) अँबियंट, म्हणजे वातावरणासारखं भोवती पसरून राहणारं, प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत विकत घेऊन ऐकतोय. आतापर्यंत चौदा डिजिटल अल्बम आणि तीन कॅसेट झाल्या, त्यातल्या बहुतेक बँडकॅम्पवरून, म्हणजे कलाकार जिथे आपलं संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावरून. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सगळ्यालाच ‘सुंदर’ म्हणून मोकळा झालो असतो. आज त्यातले पाच अल्बम मी पुन्हा पुन्हा लावतो. बाकीचे पडून आहेत.

गोव्यात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की लोकांना हणजूण आणि वागातोर आठवतं. नव्वदच्या दशकात तिथला ट्रान्स, म्हणजे जलद ठेक्याचं नाचाचं संगीत, जगभर गेला, त्याचा मला अभिमानच आहे. पण मी घेतोय त्या संगीतात बहुधा ठेकाच नसतो. एक स्वर लागतो, रेंगाळतो, दुसरा त्यात मिसळतो आणि चाळीस मिनिटं निघून जातात. मी पहिला अल्बम लावला तेव्हा आई सोप्यावर सुपारी निवडत बसली होती. थोडा वेळ ऐकून तिने विचारलं, “हो तंबोरोच न्हय? गावपी खंय आसा?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. गवई येणारच नाही हे एकदा मनाने मान्य केलं की कान तंबोऱ्याकडे वळतात.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात आहे. तिथे हवा खेळवणारे दोन ब्लोअर शेजारी शेजारी चालतात. दोघांचा वेग तंतोतंत सारखा नसल्यामुळे आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. 110 आणि 110.5 हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले तर दर दोन सेकंदांना असा एक हेलकावा येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना हाच हेलकावा ऐकत ऐकत तो मिटवतात. ड्रोन संगीत, म्हणजे लांबवर धरलेल्या स्वरांचं संगीत, करणारे कित्येकजण मात्र तो मुद्दाम ठेवतात आणि त्याच्यावरच अख्खा अल्बम उभा करतात. हे कळल्यापासून पाळी संपवून घरी आल्यावर असलं संगीत ऐकणं मला जड जात नाही. उलट दिवसभर अंगावर आलेल्या आवाजाला इथे घाट मिळतो.

पहिले चार महिने मी एक चूक केली, ती म्हणजे सगळं हेडफोन लावून ऐकलं. हेडफोनमध्ये बारकावे कळतात, हे खरंच. पण जूनमध्ये एका संध्याकाळी कान दुखत होता, म्हणून छोट्या स्पीकरवर अगदी हळू आवाजात लावलं. खिडकी उघडी होती, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाऊस लागला होता. संगीत मध्येच पावसाखाली जायचं, मध्येच वर यायचं. या संगीताचा जन्मच असा झाला आहे. 1975 साली ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळून होता. मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याच्या संगीताची रेकॉर्ड आणून दिली होती. ती लावून पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज फारच कमी आहे, पण उठून तो वाढवण्याची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. त्या पावसात मिसळून येणारे हार्पचे स्वर ऐकताना त्याला संगीत ऐकण्याची वेगळी रीत सापडली. त्याच वर्षी त्याचा ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम आला आणि काही वर्षांनी ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. हा प्रसंग मी आधी वाचला होता, पण पटला तो जूनमध्ये.

त्या दुसऱ्या अल्बममधल्या एका भागात माणसांच्या आवाजाचे टेपचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरून वाजणारे तुकडे, आहेत आणि प्रत्येकाची लांबी वेगळी आहे. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सव्वीसच्या किंचित आत, तिसरा तिसाच्या किंचित आत. त्यामुळे त्यांची गाठ दर वेळी वेगळ्या जागी पडते. आमच्या घराच्या वळचणीला बसलं की हेच ऐकू येतं. एक पागोळी बादलीत, एक केळीच्या पानावर, एक पत्र्यावर, आणि प्रत्येकीची लय आपापली.

पावसाने अल्बमांची परीक्षाही घेतली. मी घेतलेल्या तीन अल्बमांत पावसाचं ध्वनिमुद्रण स्वरांखाली पसरलेलं होतं. मार्चमध्ये ते मला फार आवडले होते. जुलैत कौलांवर खरा पाऊस वाजत असताना लावले, तर त्यातला पाऊस तळणीच्या आवाजासारखा एकसुरी वाटला. खरा पाऊस सरकतो. आधी माडांवर ऐकू येतो, मग गोठ्याच्या पत्र्यावर, मग डोक्यावर. ते तिन्ही अल्बम मी तेव्हापासून लावलेले नाहीत. फील्ड रेकॉर्डिंग, म्हणजे बाहेर जाऊन टिपलेले आवाज, वापरणाऱ्या कलाकारांकडून मला आता एवढीच अपेक्षा आहे की त्या जागेत ते स्वतः बसले होते हे ऐकताना कळावं. नुसतं स्वरांवर रीव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओतून गूढ केलेलं संगीत या प्रकारात ढिगाने मिळतं आणि आठवड्याभरात विरून जातं.

माझी सगळ्यात मोलाची खरेदी आपल्या देशातली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर स्वर तयार करणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे काम केलं. 1969 ते 1972 दरम्यानच्या त्या टेप 2023 मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. हे ऐकायला सोपं नाही. काही तुकडे शाळेतल्या प्रयोगासारखे वाटतात, काही कानाला बोचतात. पण नव्या यंत्राचं बटण फिरवून काय होतं ते पाहणाऱ्या माणसांचं कुतूहल त्यात जिवंत आहे, आणि ती माणसं आपली आहेत. मी हा अल्बम सकाळी ऐकतो, रात्री नाही.

आता पैशांचं. डिजिटल अल्बमला मला साधारण पाच ते दहा डॉलर पडले. काही कलाकार किंमत तुमच्यावर सोडतात. तिथे शून्य लिहून घेता येतं, पण मी तसं करत नाही, कारण यातले बहुतेक लोक नोकरी सांभाळून एकट्याने हे करतात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के घेतं. मार्च 2020 पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं. हा शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. म्हणजे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, त्यांच्या हिवाळ्यात दीडला सुरू होतो आणि शनिवारी त्याच वेळेपर्यंत असतो. मी यादी करून ठेवतो आणि तेव्हाच घेतो. माझ्या बँकेचं कार्ड परदेशी व्यवहाराला दोनदा नाकारलं गेलं होतं. ऑनलाइन सेटिंगमध्ये परवानगी चालू केल्यावर चाललं.

घेतलेल्या फाइल मात्र उतरवून स्वतःकडे ठेवा. बँडकॅम्प 2022 मध्ये एपिक गेम्स या कंपनीकडे गेलं, 2023 मध्ये साँगट्रेडर या दुसऱ्या कंपनीकडे, आणि त्या दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मी सगळं फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करण्याच्या प्रकारात) दोन हार्ड डिस्कवर ठेवतो. यात एक गंमत लक्षात आली: टेपची खरखर असलेले अल्बम फार आक्रसत नाहीत. खरखरीत पुन्हा पुन्हा येणारं काही नसतं, त्यामुळे फाइल लहान करायला जागाच राहत नाही. स्वच्छ, शांत अल्बम मात्र निम्म्याहून कमी जागेत बसतात.

कॅसेटचा मोह गोव्यात जपून करा. तीनपैकी एकीचा डबा कुरियरमधून फुटून आला. दुसरीची ब बाजू शेवटच्या सुरात तुटते, आणि त्या छोट्या लेबलला पाठवलेल्या दोन ईमेलचं उत्तर आलं नाही. टपालखर्च कॅसेटपेक्षा जास्त पडला. ऑगस्टमध्ये तिसरीच्या डब्यात पांढरी बुरशी दिसली. तेव्हापासून कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या आहेत आणि प्लेअरचं हेड दर पंधरवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. हे करायची तयारी नसेल तर डिजिटलच घ्या. तरीही ती तिसरी कॅसेट ऐकताना मी फोनला हात लावत नाही, पुढची बाजू लागेपर्यंत जागचा उठत नाही. म्हणून ती मी कोणाला देणार नाही.

नवीन माणसाला मी एकच अल्बम घ्यायला सांगेन. महिनाभर तोच, हळू आवाजात, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी लावा. पंप चालू असताना, देवळातली आरती ऐकू येत असताना, सगळं निजल्यावर. घरातले आवाज आत आले की जो अल्बम विस्कटतो तो परत लागणार नाही.

एका अल्बमबद्दल माझं अजून ठरत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं एकच खालचा स्वर, आणि तो लागला की आमच्या भांड्यांच्या कपाटाची काच थरथरते. आधी वाटलं रेकॉर्डिंगमध्येच काही बिघडलंय. मग काचेखाली कापडाची घडी घालून ऐकलं, तेव्हा त्या स्वराच्या वर, फार बारीक, आणखी दोन स्वर सापडले. गेल्या रविवारी आईने ती घडी काढून ठेवली. तिला काचेसकटच बरं वाटतं म्हणाली.