खो-खो एक नंबर, पण तो इम्पॅक्टवाला फॉर्म राहू दे

चार स्टार देतेय, एक कापला तो फक्त फॉर्मपायी.

आमची लेक सातवीत आहे, पर्वतीच्या पायथ्याला मनपा शाळेच्या मैदानावर एक संस्था फुकट खो-खो शिकवते तिकडे जूनपासून जाते. शिकवण्यात नाव ठेवायला जागा नाही. सर वेळेवर हजर, खांब पक्के रोवलेले, खो कधी द्यायचा, सूर कसा मारायचा, सगळं न ओरडता शिकवतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला ना, मुलांचा-मुलींचा दोन्ही आपणच जिंकलो, तेव्हापासून लेक उठताबसता मुलींच्या टीमची कॅप्टन प्रियांका इंगळेच. घरात पण पाटीवर बसल्यासारखी बसते, मी चहा घेऊन गेले की खो म्हणून पळते, एकदा कपच गेला.

आता फॉर्म. वर्षाच्या शेवटी देणगीदारांना दाखवायला 'सामाजिक परिणाम' मोजतात म्हणे. तीन चेहरे काढलेले, हसरा, मधला, रडका, आणि प्रश्न काय तर खेळामुळे आत्मविश्वास वाढला का. सर शेजारीच उभे! लेकीला विचारलं तर म्हणे सगळ्यांनी हसऱ्यावर टिक केली म्हणून मीपण केली. बरं जूनमध्ये कोणी काही विचारलंच नव्हतं, मग वाढला तो कशापेक्षा? शाळेतली हजेरी सुधारली तेही खो-खोच्या खात्यात टाकलं, पण त्याच वर्षी शाळेला नव्या बाई आल्यात आणि पोरं त्यांच्यावर जीव टाकतात, ते कुठे धरलं?

आणि माझा खरा राग वेगळाच आहे. दिवाळीनंतर आठवीच्या पाच मुली यायच्या बंद झाल्या, त्यांना फॉर्म दिलाच नाही, कारण फॉर्म मैदानावर वाटला आणि त्या तर मैदानावर नव्हत्याच. मी दोघींच्या आयांना गाठलं तर कारण साधं, साडेसहाला अंधार पडतो आणि शाळेचा संडास तोवर कुलूपबंद. आत्मविश्वासाचा काय संबंध!

संस्थेच्या ताईंना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, वाटलं झालं आता, पण पुढच्याच आठवड्यात मुलींची बॅच पाचला केली आणि किल्ली शिपाईमामांकडून मागून ठेवली. तिघी परत आल्या. एकीला त्या वेळेला धाकट्या भावाला बालवाडीतून आणायचं असतं, ती अजून नाही येत.

पाचच्या बॅचला जागा आहे. बूट नसले तरी चालतात, पाणी मात्र घरून द्या, नळाचा भरवसा नाही.